एकच गोळा

माझ्या मांडीवर, पदराखाली, पत्र्याच्या छोट्या इंजिनाची चाकं फिरतच होती. घाईत त्याची कळ सापडेना, म्हणून घरघर दाबायला मी वरून दोन्ही तळहात ठेवले होते. इतक्यात बोगद्यातून ह्यांची गाडी बाहेर आली, माझ्यासमोरून डुलत गेली आणि फलाटाच्या टोकाशी लाकडी ठोकळ्याला टेकली. मी तिची कळ बंद केली, मग पदराखालच्या इंजिनाची. घंटा उचलली आणि चार ठोके दिले. चार म्हणजे गाडी पोचली.

“पोचली ना?” डोंगरापलीकडून ह्यांचा आवाज आला. “चला. उद्या पाटीवर आठ हजार अकरा.”

मी बोलले नाही. चातुर्मासात दिवा लावल्यापासून जेवणाचं पान घेईपर्यंत माझं मौन असतं. ह्यांना ते ठाऊक होतं. 

ही आठवी वेळ होती.

आमचं घर कुकटपल्लीत. खाली दोन खोल्या, वर पत्र्याची एक लांब खोली. त्या खोलीत बावीस वर्षांपासून ह्यांची रेल्वे होती. भिंतीलगत कमरेइतक्या उंच फळ्या, त्यांवर पितळी पट्ट्यांचे रूळ, तेलाच्या डब्यांच्या पत्र्यातून कापलेले डबे, जुन्या टेपरेकॉर्डरच्या मोटारी घातलेली इंजिनं. आत दोन सेल. एकदा कळ दाबून सोडलं की इंजिन पुढं जाणारच. थांबवायचं तर हातानं उचलायचं, दुसरा इलाज नाही.

खोलीच्या मधोमध कागदाच्या लगद्याचा डोंगर, चांगला छातीइतका उंच. अलीकडं माझं स्टेशन, पलीकडं ह्यांचं. स्टुलावर बसलं की एकमेकांची तोंडं दिसत नाहीत. ह्यांच्या स्टेशनाचं नाव बोरटेक, जिथं ह्यांचं लहानपण गेलं. माझ्या स्टेशनाला माझ्या माहेराचं नाव दिलं, हळदा. तेव्हा मी म्हणाले होते, “अहो, हळद्याला धड सडक नाही, रेल्वे कुठली?” तर म्हणाले, “सरकारनं नाही आणली, जावयानं आणली. बिघडलं काय?”

दोन स्टेशनांमधला रूळ एकेरी. म्हणून पोलादाचा एक गोळा, लिंबाएवढा. ज्याच्या वाटीत गोळा, त्यानंच गाडी सोडायची, आणि गोळा गाडीच्या पहिल्या डब्यात ठेवून पुढं पाठवायचा. गोळा एकच, त्यामुळं रुळावर गाडीही एकच. शिवाय दोन घंट्या. दोन ठोके दिले की ‘मार्ग मोकळा का?’ समोरून दोन आले की ‘मोकळा.’ तीन म्हणजे गाडी सुटली.

माझ्या सासऱ्यांचं हे काम होतं. बोरटेकच्या स्टेशनात ते पोर्टर होते. गोळा चामड्याच्या पिशवीत घालून, वेताच्या कड्याला बांधून, येत्या इंजिनाच्या ड्रायव्हरला हातात द्यायचा. हे आठ वर्षांचे असताना सासरे तापानं घरी पडले. त्यांच्या जागी बदली आलेल्या माणसानं गोळा न देताच मालगाडी सोडली. समोरून पॅसेंजर येत होती. दोन्ही ड्रायव्हरांनी एकमेकांचा धूर पाहिला म्हणून वाचलं सगळं. तापातच सासरे पळत गेले, मागोमाग हे. दोन इंजिनं समोरासमोर उभी होती. सासरे मधे शिरले आणि त्यांनी दोन्ही हात पसरले, तर एक तळहात ह्या इंजिनाला टेकला, दुसरा त्या इंजिनाला.

घरी आल्यावर त्यांनी भाकरीचं ताट बाजूला सारलं. संध्याकाळी त्यांनी सारवलेल्या भुईवर कोळशानं रूळ काढले, दोन काडेपेट्या ठेवल्या आणि मुलाला जवळ बसवून म्हणाले, “दत्ता, ध्यान दे. गोळा हातात नसला तर साक्षात देवाची गाडी असली तरी सोडायची नाही.” त्या दोन काडेपेट्या ह्यांनी मोठेपणी पत्र्याच्या केल्या, इतकंच. लोक म्हणायचे, दत्तोबांना पोरकट नाद आहे. मी इतकी वर्षं समोर बसून पाहिलंय. गाडी पोचल्याचे चार ठोके ऐकेपर्यंत हे श्वास धरून बसायचे.

एका दिवाळीला कुलदीपनं, आमच्या मुलानं, बेगम बाजारातून परदेशी गाडी आणली होती. तो तेव्हा अमीरपेठेत कॉम्प्युटर शिकत होता आणि अर्धं बोलणं त्याचं तिकडचंच. “नाना, हे बघा, चायना का माल. सेल टाकला की बस, खुद ब खुद सीटी मारते. कायकू पत्रे कापत बसता?” ह्यांनी ती गाडी बराच वेळ पाहिली. प्लॅस्टिकच्या गोल रुळावर ती फिरत होती, शिट्ट्या देत होती. “झकास आहे,” म्हणाले. “पण हिला पोचायचं कुठं?” कुलदीपनं कपाळावर हात मारला. आता तो बंगळुरात असतो.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी पहिल्यांदा ते झालं. गोळा माझ्याकडं. मी दोन ठोके दिले, ह्यांनी दोन दिले, मी गाडी सोडून तीन दिले. आणि लगेच पलीकडं कळ वाजली. ह्यांचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. मला वाटलं, मस्करी करताहेत. दुसऱ्या क्षणी मी उठून, बोगद्याच्या तोंडातून माझी गाडी अख्खी ओढून घेतली. ह्यांची आली, थांबली. मी चार ठोके दिले. हे म्हणाले, “पोचली ना?” आपण काय केलं ते ह्यांच्या गावीही नव्हतं. माझी गाडी येणार होती हेच ते विसरले होते.

होतं कधीकधी, असं मी मनाला सांगितलं. मग दुसऱ्यांदा झालं, तिसऱ्यांदा झालं. एकदा चहा घेऊन लगेच, “आज चहा नाही का?” म्हणाले. एकदा बसथांब्यावरून परत आले आणि दारात उभे राहून मला विचारलं, “तारा, मी निघालो होतो की आलो?” मग स्वतःच हसले. मीही हसले. आत जाऊन देवासमोर बसले, तर जपाचे मणी बोटात सरकेनात.

डॉक्टरकडं जाऊ म्हटलं, तर चिडले. “कामून? काय झालंय मला? बावीस वर्षांत एक टक्कर दाखव.” आणि भिंतीवरच्या पाटीकडं बोट केलं. कारखान्यात असते तशी पाटी त्यांनी वर लावली होती: ‘अपघाताविना दिवस’. खाली खडूनं आकडा.

मी काय दाखवणार? टकरी तर मीच पदराखाली लपवल्या होत्या. खोटं बोलणार नाही असा माझा नेम लग्नाआधीपासूनचा. बोलले नव्हतेच मी. पण त्या पाटीवरचा रोजचा आकडा माझंच खोटं होतं, आणि त्याच्याच भरवशावर हे रोज सकाळी डबा घेऊन कारखान्यात जात होते.

तिथं हे क्रेन चालवत. शेडच्या छपराखाली, उंच रुळांवर धावणारी मोठी क्रेन. वर काचेच्या खोलीत हे, खाली टनाटनांचे लोखंडी साचे, आणि त्या साच्यांना साखळी अडकवणारी माणसं.

त्या भाद्रपदात कारखान्यात व्हीआरएसचे, म्हणजे पैसे घेऊन मुदतीआधी नोकरी सोडायचे, अर्ज वाटले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबासाहेब आले. हे अंघोळीला गेले होते. आबासाहेब ह्यांच्याच शेडमध्ये, खाली साखळ्या लावायला. वीस वर्षं दोघांची जोडी. मला वहिनी म्हणतात, पण राखी माझीच बांधून घेतात.

“वहिनी, उद्या शेवटची तारीख हाय अर्जाची,” ते चहा बशीत ओतत म्हणाले. “मी नाही भरणार. माझ्या पोरीचं लग्न व्हायचंय. पण दत्तोबानं भरावं. कुलदीप कमावतो, काय कमी आहे?”

“ते ऐकतात होय? म्हणतात, हात धरून घराबाहेर काढायचं आणि त्याला ‘गोल्डन हँडशेक’ असं सोनेरी नाव द्यायचं.”

आबासाहेब हसले. मग बशी खाली ठेवून हळूच म्हणाले, “तसं एक सांगू का? परवा त्यानं शिट्टी न देताच लोड उचलला. मी खालीच होतो. साखळीतून हात काढला न काढला तोच साचा वर. आजवर असं कधी नाही केलं त्यानं.” आणि माझं तोंड बघून घाईनं म्हणाले, “जाऊ द्या वो. एखाद्या वेळेला होतं. मी कुणाला बोललो नाही. तुम्ही बी नका बोलू.”

म्हणजे तेही झाकत होते.

ते गेल्यावर मी दिवा लावला. देवाला काही विचारावं असं फार वाटलं. पण विचारलं नाही. जे करायचं माझ्या मनात आलं होतं त्याला देव हो म्हणेल, याचीच मला धास्ती होती. नुसता नमस्कार केला आणि मौनात जिना चढले.

आधी एक गाडी बोरटेकहून आली, नीट, गोळ्यासकट. मी गोळा वाटीत ठेवला. हात इतके थंड होते की पोलाद ऊन लागलं. वाटलं, आज चुकणार नाहीत. चुकू नयेत. दोन ठोके दिले. पलीकडून दोन आले, अगदी स्वच्छ. मी गोळा पहिल्या डब्यात ठेवला, गाडी सोडली आणि तीन ठोके दिले.

गाडी फलाट सोडून वळणाला लागली. बोगदा अजून दोन हात लांब होता.

पलीकडं कळ वाजली.

माझा उजवा हात आपसूक पुढं गेला. नवव्यांदाही त्याला मला विचारायची गरज वाटली नाही. मी तो डाव्या हातानं धरला आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन त्यांवर बसले. गाडी बोगद्याच्या तोंडाशी पोचली. अजूनही उचलता आली असती. शेवटचा डबा आत गेला.

डब्याचं झाकण खाली पडावं एवढाच आवाज झाला. मग डोंगराच्या पोटात दोन्ही इंजिनांची चाकं नुसतीच फिरत राहिली.

“तारा?” हे म्हणाले.

मी उठले नाही. डोंगराच्या पलीकडच्या तोंडातून काहीतरी घरंगळत गेल्याचा आवाज आला. फळीवरून ते खाली पडलं, फरशीवर टणटणलं आणि थांबलं.

 मग हे डोंगराला वळसा घालून माझ्या बाजूला आले. त्यांच्या हातात गोळा होता.

“हा तुझ्या गाडीत होता,” ते म्हणाले. “मी तुला दोन ठोके दिले होते का?”

मी होकाराची मान हलवली.

“मग मी...” ते मागं वळून बोरटेककडं बघू लागले, तिथं कुणी दुसरं बसलं असावं तसे. त्यांच्या ओठांवर घाम आला होता. “पहिल्यांदाच झालं ना हे?”

मौन मोडायला माझी हरकत नव्हती. देवानं क्षमा केली असती. पण मी घंटा उचलली. एक ठोका दिला. दोन. तीन झाल्यावर हे स्टुलाला धरून खाली बसले. चार, पाच, सहा, सात. आठव्यानंतर मी घंटा पदरात गुंडाळून धरली, तिचा नाद थांबावा म्हणून.

मला वाटलं होतं ओरडतील. झाकलंस का, म्हणतील. त्यांनी गोळा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, परत पहिल्यात. मग माझ्याकडं न बघता म्हणाले,

“खाली आबासाहेब असतो गं.”

बोगद्यात एका इंजिनाचे सेल उतरले असावेत. घरघर हळूहळू बसत गेली.

त्या दिवशी आम्ही जेवलो. पहिला घास घेतला की मौन सुटतं, पण मी वाढण्यापुरतंच बोलले. सकाळी ह्यांनी अर्ज माझ्यासमोर भरला. नाव, गाव, खात्याचा नंबर, सगळं न अडखळता. तारखेपाशी थांबले आणि विचारलं, “आज किती?” मी सांगितली. ती त्यांनी लिहिली. अर्ज घेऊन जाताना म्हणाले, “आज क्रेनवर चढत नाही. ऑफिसात देऊन परत येतो. आणि त्या डॉक्टरला विचारून ठेव, केव्हा येऊ.” मग खिशातून गोळा काढून माझ्या हातात दिला. “हा तुझ्याकडं. दोन्ही स्टेशनांचा.”

मी तो पदराच्या टोकाला बांधला. दिवसभर चालताना गुडघ्याला लागत होता.

संध्याकाळी हे वर गेल्याचं मला कळलंच नाही. मी दिवा लावून नुकतीच कणीक मळायला घेतली होती. पाटी पुसल्याचा आवाज आला, मग खडूचा. आणि मग घंटेचे दोन ठोके.

मार्ग मोकळा का?

माझे दोन्ही हात कणकेनं भरलेले. मौन असल्यानं ओरडून सांगताही येईना. तशीच जिन्याच्या पहिल्या पायरीशी जाऊन उभी राहिले आणि कान दिला. कळ वाजेल या धास्तीनं माझं सगळं अंग आवळलेलं. गोळा नसताना गाडी सोडतात की काय.

कळ वाजली नाही. थोड्या वेळानं पुन्हा दोन ठोके आले, पहिल्यापेक्षा हळू. पुन्हा शांत.

ते थांबले होते.

मी हात धुतले, पदराची गाठ सोडली, आणि गोळा मुठीत घेऊन वर निघाले.