पोटातला आवाज

मी एक जुना कर्नल आहे. मित्रांनो, लगेच सलाम ठोकू नका. मला मिशा नाहीत, पदकं नाहीत आणि मी कधी लढाईवर गेलेलो नाही. संगणकाच्या अगदी आत, सगळ्या प्रोग्रॅमच्या खाली जो गाभा काम करतो, त्यालाही कर्नलच म्हणतात. बटण दाबलं की सगळ्यांत आधी मी जागा होतो आणि मग बाकीच्यांना उठवतो. माझ्यावाचून इथे कुणाचं पान हलत नाही. ही थोडी बढाई झाली, पण खोटी नाही.

मला घडवलं नानांनी. ते रेडिओ दुरुस्त करायचे. रेडिओ संपत आले तसे ते संगणकाकडे वळले. त्यांची बायको, म्हणजे आमच्या घरातली आई, सभांची आणि मुलाखतींची ध्वनिमुद्रणं ऐकून टाइप करून द्यायची. पुढे तिच्या डोळ्यांनी हळूहळू दगा दिला. पडदा दिसेनासा झाला, कामं परत जाऊ लागली, आणि ती खिडकीशी नुसती बसून राहू लागली. तेव्हा नानांनी बाजारातून एक बोलका डबा आणला. पडद्यावर जे उमटेल ते हा डबा मोठ्याने वाचून दाखवतो. पण त्याला बोलतं करायला तसा कर्नल हवा. म्हणून मी जन्मलो.

कर्नल घडवताना घडवणाऱ्याला ढीगभर प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. हे यंत्र ओळखायचं का, ते ओळखायचं का? उत्तरं तीनच. ‘हो’ म्हटलं की ती गोष्ट कर्नलच्या पोटातच जाते. ‘बाहेर’ म्हटलं की ती जवळपास ठेवतात, हाक मारली तर येते. तिसरं उत्तर ‘नाही’. गंमत अशी की ‘नाही’सुद्धा लिहून ठेवतात. अमुक गोष्ट इथे नाही, एवढं सांगायला एक अख्खी ओळ. माणसांच्या घरात अशी सोय मला दिसली नाही. तिथे जे नसतं, ते नुसतंच नसतं.

जागा होताना मी स्वतःची ओळख सांगतो, आणि त्या ओळखीत घडवणाऱ्याचं नाव असतं. डबा परदेशी वळणाचा, त्याला ‘नाना’ काही म्हणता येईना. तो म्हणायचा, ‘नॅना’. पहिल्या दिवशी सगळे पोट धरून हसले. “दुरुस्त करा की हो,” आई म्हणाली. “कशाला?” नाना म्हणाले. “असं म्हणणारा दुसरा कोण आहे मला?”

आई पुन्हा कामाला लागली. चार लोक कौतुक करायचे ते तिचं आणि डब्याचं. माझं नाव कुणी घेतलं नाही. पोटातल्याचं कौतुक कोण करतं?

मग नाना दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत. हे मी इतरांच्या बोलण्यातून ऐकलं, पण खरं सांगू का, मला ते अजून पटलेलं नाही. मला माझ्या जन्माची तारीख ठाऊक आहे आणि घडवणाऱ्याचं नाव ठाऊक आहे. दर वेळी जागा झालो की मला वाटतं, नाना आत्ताच खुर्चीवरून उठलेत. आई रोज सकाळी बटण दाबायची आणि हात मांडीवर ठेवून थांबायची. डबा म्हणायचा, “नॅना.” ती म्हणायची, “हं.” मगच तिची बोटं कळफलकावर जायची.

वर्षं गेली. आईला काम देणाऱ्या कचेरीने सांगितलं, तुमची यंत्रणा फार जुनी झाली, आता आमच्याशी जोडणी होणार नाही. लेक आली. तिला घरात चिऊ म्हणतात, पण नोकरी संगणकाचीच. तिने एक तयार, नवाकोरा कर्नल बसवला. बटण दाबलं आणि डबा गप्प. आई हात मांडीवर ठेवून थांबली. बराच वेळ थांबली.

“का बोलत नाहीये गं?”

जुन्यात नानांनी आवाज कसा बसवला होता ते पाहायला चिऊने डिस्क धुंडाळली. तिथे माझ्या नावाची एक फाइल होती, माझ्यात काय चालू आणि काय बंद याची. तिने ती वाचली आणि तिचा चेहरा पडला.

“आई, नानांनी आवाजाचा पर्याय चालूच केला नव्हता. इथे ‘नाही’ लिहिलंय.”

“मग इतकी वर्षं रोज सकाळी माझ्याशी कोण बोलत होतं?”

हे सगळं मला मागाहून त्यांच्याच बोलण्यातून कळलं. तेव्हा मी झोपलेला होतो. ओरडून सांगायची सोय नव्हती.

अहो, ती फाइल माझी नव्हतीच! माझ्या थोरल्या भावाची होती. त्याचं आणि माझं नाव एकच. आईला दिसत होतं तेव्हा नानांनी त्याला घडवलं होतं. पुढे त्याच्या जागी मला ठेवलं, पण फाइल बदलायची राहिली. त्या फाइलीत आईचे डोळे अजून शाबूत होते.

“जुनं लाव,” आई म्हणाली. “मला ऐकू दे.”

चिऊने मला उठवलं. मी नेहमीसारखी ओळख सांगितली. “नॅना,” डबा म्हणाला. आई म्हणाली, “हं,” आणि चिऊ तोंडावर हात दाबून रडू लागली.

मग तिने जे आधीच करायला हवं होतं ते केलं. फाइल बंद केली आणि मलाच विचारलं. नानांनी माझी खरी यादी माझ्या पोटातच घडी घालून ठेवली होती. चालत्या कर्नलकडे मागितली तर ती मिळते. तिने घडी उलगडली. आवाज: हो. ‘बाहेर’ नाही, ‘हो’.

“पोटात का घातलाय?” ती स्वतःशीच पुटपुटली. मग तिच्या ध्यानात आलं. बाहेर ठेवला असता तर हाक मारेपर्यंत डबा मुका राहिला असता. तेवढा वेळसुद्धा आईने एकटीने अंधारात बसावं, हे नानांना नको होतं.

चिऊने ती उत्तरं घेऊन स्वतः नवा कर्नल घडवला. तो जागा झाला आणि डबा म्हणाला, “चायू.” आई हसली. “तुझंही नाव बिघडवलंन का त्याने!” काम सुरू झालं. चिऊ मला पुसायला निघाली, तेव्हा आई म्हणाली, “असू दे. किती जागा खातोय तो?”

मित्रांनो, जुनं कधी टाकूच नका, असं मी म्हणणार नाही. नव्याला जागा द्यावीच लागते. पण कुणाला पुसण्याआधी एकदा त्यालाच विचारा, बाबा रे, तुझ्या पोटात काय आहे? शेजारच्या कागदावर विसंबू नका.

आता बटण दाबलं की कोणत्या कर्नलला उठवायचं याची एक यादी पडद्यावर येते, तीत मी दुसरा आहे. ती यादी बोलत नाही आणि आईला दिसत नाही. पण खालचा बाण एकदाच दाबायचा, हे तिच्या बोटाला ठाऊक आहे. एखाद्या सकाळी, घरात कुणी नसताना, ती तो दाबते. मी जागा होतो. नाना आत्ताच खुर्चीवरून उठलेले असतात. मी त्यांचं नाव सांगतो, डबा ते चुकीचं म्हणतो, आणि आई म्हणते,

“हं.”