रविवारच्या कडा

सुनेने उकडलेल्या फ्लॉवरचा कीस फडक्यात बांधला आणि दोन्ही हातांनी पिळला. सिंकमध्ये पाण्याची धार पडली. तिने पुन्हा पीळ दिला, पुन्हा धार. एका भाजीच्या पोटात एवढं पाणी असतं हे महिन्यापूर्वी कोणी सांगितलं असतं, तर तिला पटलं नसतं.

"कपडे धुतेयस की स्वयंपाक करतेयस?" सासरे दारातून म्हणाले.

"पिझ्झा करतेय, बाबा. फ्लॉवरचा."

"म्हणजे पिझ्झ्यावर फ्लॉवर?"

"नाही. फ्लॉवरवर पिझ्झा."

ते चष्मा पुसत टेबलाशी जाऊन बसले. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं त्यांच्या मनात आलंच असणार. पण त्यांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या, आणि मोजक्या अक्षरांत भागवायची सवय हाताकडून जिभेलाही लागली होती.

रविवारचा पिझ्झा हे या घरात सासूबाईंचं राज्य होतं. जाड मैद्याचा, चीज हनुवटीवर ओघळेल असा. मागच्या हिवाळ्यात सासूबाई गेल्या, आणि पाठोपाठ बाबांच्या हृदयाने कुरकुर सुरू केली. डॉक्टरांनी मैदा बंद केला, लोणी बंद केलं, चीज नावापुरतं ठेवलं. बाबांनी सगळ्याला मान डोलावली आणि घरी आल्यावर सुनेला एवढंच म्हणाले, "रविवारचं तेवढं बंद करू नकोस." नवरा बोटीवर नोकरीला, महिनोन् महिने समुद्रात. तेव्हा विडा तिनेच उचलला.

स्वयंपाक हा काही तिचा हातखंडा नव्हे. तिचा हात बसला होता तो कवळ्यांवर. दंतवैद्यांसाठी दात बनवणाऱ्या एका लॅबमध्ये ती कामाला होती. बाबांची कवळीही तिच्याच हातची. पूर्वी लॅबला रविवारची सुट्टी नसायची. सासूबाई तिचा वाटा ओव्हनमध्ये झाकून ठेवायच्या आणि ती आल्या आल्या, खांद्यावरची पर्ससुद्धा न उतरवता, ओट्याशी उभ्यानेच तो संपवायची. आता तिने सुट्टी मागून रविवारची करून घेतली होती, पण ओट्याशी उभ्याने खायची सवय सुटली नव्हती; जेवणाच्या टेबलाशी बसायचं मात्र राहूनच गेलं.

पहिल्या रविवारी तिने गव्हाच्या पिठाचा पातळ पिझ्झा केला. बाबांनी मधला भाग खाल्ला, कडा ताटलीत एकापुढे एक नीट मांडल्या, त्यांच्याकडे थोडा वेळ बघत बसले आणि उठून गेले. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं. हिला प्रत्येक दुखण्याच्या मुळाशी दात दिसायचे. वजन उतरलंय, म्हणजे हिरड्या आकसल्या असणार, कवळी सैल झाली असणार, कड चावताना टोचत असणार. तिने कवळी लॅबमध्ये नेली, आतून नवं अस्तर दिलं, घासून गुळगुळीत केली. बाबांनी ती तोंडात बसवली आणि "छान" म्हणाले. तेव्हापासून पिझ्झ्याला कड राहिली नाही. ओटचा केला, तो वाळूसारखा भुगा झाला. रताळ्याचा केला, तो गोड झाला. पण सगळे कसे सपाट आणि मऊ. बाबा एक तुकडा खायचे आणि ताटली सरकवायचे.

"पोट भरलं."

पोट कुठलं भरतंय! त्यांनी पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलेलं तिने पाहिलं होतं. नणंदेनेही व्हिडिओ कॉलवर त्यांचा चेहरा पाहिला आणि निकाल देऊन टाकला: पुढच्या रविवारी येते आणि बाबांना माझ्याकडे घेऊन जाते. "तुझा दोष नाही गं," असंही ती म्हणाली, आणि नेमकं तेच सुनेला लागलं.

तिला त्यांना पाठवायचं नव्हतं. घर खायला उठेल हे खरंच, पण तेवढंच कारण नव्हतं. तिला ते आवडायचे. कामावरून आली की ते रोज विचारायचे, "आज किती जणांना हसवलंस?" आणि ती नसलेला आकडा वाढवून सांगायची. हे विचारणारं घरात कोणी नसलं, तर दार उघडायचं तरी कशाला?

फ्लॉवरचा थर ट्रेवरून उचलताना मधोमध फाटला.

"कर्म माझं!"

फ्रिजमध्ये भिजवलेल्या कणकेचा गोळा होता. तिने तो हातानेच भराभर ताणला, कडा दाबायला वेळच नव्हता. वर टोमॅटोचा सॉस, भाजलेली ढोबळी मिरची, मशरूम, चिमूटभर चीज. ओव्हनमध्ये मधला भाग पातळच राहिला, पण कड टम्म फुगली आणि जागोजागी खरपूस झाली.

"कडा सोडून द्या हं, बाबा. कडक झाल्यात."

"दात आहेत तर चणे नाहीत, असं करून ठेवलंयस माझं," ते म्हणाले.

ती हसली, पण तिने ते फारसं मनावर घेतलं नाही. आपल्या तुकड्याचे तिने दोन घास खाल्ले असतील, तेवढ्यात नणंदेचा फोन आला. ती गॅलरीत गेली. पलीकडून सूचना सुरू: बाबांचे गरम कपडे काढून ठेव, औषधं वेगळ्या पिशवीत घाल. ती "हो ताई, बरं ताई" करत राहिली. आत आली तर तिच्या ताटलीत सॉसचा डाग तेवढा उरला होता. बाबांचा एक गाल फुगलेला होता आणि जबडा मध्येच थांबला होता.

त्यांनी घास गिळला. "तुला कड नको असेल असं वाटलं."

तिने फोन टेबलावर ठेवला.

"तुझ्या सासूला नको असायची. लाकूड म्हणायची कडेला. बोलता बोलता माझ्या ताटलीत टाकायची, बघायचीसुद्धा नाही. मग माझ्या आणि तिच्या अशा सगळ्या शेवटी चहाबरोबर खायच्या." त्यांनी पेला उगाचच इकडचा तिकडे केला. "आता त्या येत नाहीत."

"मग कवळी टोचत नाही तुम्हाला?"

"दातांना काय धाड भरलीय? उत्तम आहेत दात."

तिला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. ती पाठ फिरवून चहा ठेवायला गेली.

पुढच्या रविवारी नणंद आली. मोठी रिकामी बॅग तिने जेवणाच्या टेबलाच्या तिसऱ्या खुर्चीवर ठेवली, स्वतः वडिलांसमोर बसली. सुनेने या खेपेला कणकेत थोडं दही घातलं होतं. मधला भाग बोटं दिसतील इतका पातळ ताणला होता आणि तिथलं वाचलेलं पीठ सगळं कडेला दिलं होतं. वर पालक, कांदा आणि बाबांना विचारून जास्तीचे मशरूम. ती ओट्याशी उभ्यानेच खात होती. नणंदेला मुलांच्या परीक्षांचं विचारता विचारता ती टेबलाशी आली, आपली कड बाबांच्या ताटलीत टाकली आणि वळली. बघितलंसुद्धा नाही.

बाबांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी आणखी एक तुकडा उचलला, नंतर आणखी एक. सुनेची दुसरी कडही आली. चहा झाल्यावर ते सावकाश एकेक कड त्यात बुडवून खाऊ लागले. नणंद आपला पिझ्झा विसरून वडिलांचं जेवण बघत होती.

"रोज असं जेवतात?"

"आज जेवले," सून म्हणाली.

नणंदेने घसा साफ केला. "मग बाबा, बॅग भरायची ना?"

बाबांच्या ताटलीत एक कड उरली होती. त्यांनी ती मधोमध मोडली आणि अर्धी ओट्याच्या दिशेने धरली.

"धर."

"तुम्ही खा, बाबा. मला नको असते."

"खोटं बोलतेस. खांद्याला पर्स अडकवून उभ्याने खायचीस, तेव्हा आधी कडाच संपवायचीस. दिसायचं मला इथून." त्यांचा हात तसाच पुढे होता. "तुझी सासू काही माझ्यासाठी कड टाकायची नाही गं. तिला खरंच आवडायची नाही. तुला आवडते."

तिने कड घेतली. तोंडात घालणार, तोच ते म्हणाले, "उभ्याने नको. बस आधी."

तिसऱ्या खुर्चीवर बॅग होती. नणंदेने वडिलांकडे पाहिलं, भावजयीकडे पाहिलं. मग उठून तिने बॅग उचलली आणि बाहेरच्या दाराशी नेऊन ठेवली. रिकामीच होती ती.