बावीस भोकांचा हातमोजा

आमच्या नातीला चांगलं कागदोपत्री नाव आहे, पण जन्मली तेव्हा तिचं नाक बघून मी म्हणालो, हे तर कोटाचं बटण. तेव्हापासून घरात ती बटणच. मी शिंपी. बेचाळीस वर्षं कोट शिवले. वाकडी शिलाई दिसली की अजून डोक्यात सणक जाते, मग ती बसमध्ये पुढे बसलेल्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर का असेना. दुकान बंद केलं तरी सवय गेली नाही. जित्याची खोड, दुसरं काय.

बटण पावणेतीन वर्षांची. हिवाळ्याची सुट्टी लागली तेव्हा बालवाडीच्या बाईंनी प्रत्येक मुलाबरोबर एक कापडी पिशवी घरी धाडली. तीत रंगीत कागद होते, कपडे वाळत घालायचे आठ चिमटे होते आणि जाड पुठ्ठ्याचा कापलेला एक हातमोजा होता. हातमोज्याला कडेने बावीस भोकं पाडलेली. सोबत लाल लोकरीचा धागा, टोकाला चिकटपट्टी गुंडाळून कडक केलेला. कागद फाडून चिकटवायचा, चिमटे डब्याच्या काठाला लावायचे, धागा भोकांतून ओवायचा. सुट्टी संपली की सगळ्यांचे हातमोजे वर्गाच्या खिडकीत टांगणार होते.

शिवाय एक चिठ्ठी होती, फक्त आमच्यासाठी. बटण सगळं मुठीत धरते, चिमटीत धरत नाही, बोटांत जोर कमी आहे, असं बाईंनी लिहिलं होतं. बालवाडीतल्या मोठ्या मुलांच्या खोलीत जायचं तर आपल्या कोटाची बटणं आपल्याला लावता आली पाहिजेत. सुट्टीनंतर जमलं तर ठीक, नाहीतर आणखी सहा महिने लहानांच्या खोलीत. आणि तिची एकुलती एक मैत्रीण मोठ्यांच्या खोलीत निघालेली. सून टपाल कचेरीत, वर्षअखेरीला तिच्यापुढे पार्सलांचा डोंगर असतो. मुलगा परगावी कामाला. सुनेने चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, बाबा, हे आता तुमच्याकडे. मी मनात म्हटलं, शिंप्याच्या घरात बोटांची शिकवणी, याहून सोपं काय.

पहिले काही दिवस खरंच मजेत गेले. बटणने कागद फाडले, निम्मे चिकटवले, उरलेले माझ्या चपलेत भरले. चिमटे आधी डब्याला, मग माझ्या बाहीला. मग हातमोजा घेतला. जीभ बाहेर, भुवया वर, धागा आधी मुठीत, मग हळूहळू दोन बोटांत. चार सकाळी ती त्या पुठ्ठ्याशी झटत होती. मधली तीन भोकं राहिली, एकातून दोनदा धागा गेला, अंगठ्यापासून थेट करंगळीपर्यंत एक लांबलचक टाका आडवा पडला. पण झाला. तिने तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर ठेवला आणि त्या खुर्चीवर कुणाला बसू दिलं नाही.

दुपारी ती झोपली. मी त्या आडव्या टाक्याकडे पाहिलं. नजर दुसरीकडे वळवली. पुन्हा पाहिलं. हात शिवशिवायला लागले. म्हटलं, वर्गाच्या खिडकीत लागणार, चार लोक बघणार, शिंप्याची नात म्हणणार. अख्खा धागा उसवला आणि कडेने असा टाका घातला की फूटपट्टी लावून बघा. पाच मिनिटांचं काम. पुन्हा खुर्चीवर ठेवला आणि स्वतःवरच खूश झालो, गाढवासारखा.

उठल्यावर बटणने हातमोजा हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. मग वाकून खुर्चीखाली पाहिलं, टेबलाखाली पाहिलं.

"माझा कुठंय?"

मी म्हणालो, हाच की तुझा. तिने मान हलवली, हातमोजा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "हा आबाचा."

रडली असती तर समजूत घातली असती. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी मी पिशवी काढली तर दोन्ही हात मुठी करून पाठीमागे. "आबा, तू कर." कागद, तू कर. चिमटे, तू कर. खाऊचं आमिष दाखवलं, खाऊ खाल्ला, हात पुन्हा पाठीमागे. मी मुद्दाम धांदरटासारखं केलं, चिमटा पाडला, धागा भोकाबाहेर घातला. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मलाच ओशाळं वाटलं. करायला गेलो काय आणि झालं काय. सुट्टीचे पाच दिवस उरले होते, आणि जी बोटं नुकती कुठे उघडली होती ती मीच मिटवून बसलो होतो.

सुनेला सांगणं भाग होतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. दमून आली होती, पायातले मोजे काढता काढता ऐकत होती. "बाबा, तुमची शिलाई सुंदरच आहे," ती म्हणाली. "पण ते तिचं होतं."

मोठ्यांच्या खोलीसाठी म्हणून मी बटणला कोट शिवत होतो. फिकट राखाडी कापड, मोठी बटणं, काज जरा सैल. शिवून झाला होता, फक्त कच्चे टाके काढायचे राहिले होते. कोट शिवताना कापड जागेवर राहावं म्हणून आधी पांढऱ्या दोऱ्याचे लांब टाके घालतात, शेवटी ते ओढून काढायचे असतात. खिडकीशी बसलो, तर फिकट कापडावर पांढरा दोरा मला दिसेना. चष्मा पुसला, कोट उजेडात धरला, बोटाने चाचपलं. डोळे गेल्या वर्षापासून दगा देतात, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. स्वतःशीच पुटपुटत, चरफडत होतो. हे नाटक नव्हतं, आणि तिला ते बरोबर कळलं.

बटण जवळ आली. कॉलरखालून निघालेलं दोऱ्याचं तांदळाएवढं टोक तिने पाहिलं, अंगठा आणि तर्जनी जुळवली, आणि ओढलं. दोरा सळसळत निघाला. तो हातभर दोरा तिने डोळ्यांसमोर धरला आणि हसली. मग दुसरा. मग बाहीचा. तासाभरात कोट मोकळा आणि मांडीवर दोऱ्यांचा गुंता.

मग ती उठली आणि हातमोजा घेऊन आली. माझा टाका. गाठ कुठे आहे ते तिने शोधलं, नखाने टोकरलं, आणि एकेका भोकातून लाल लोकर ओढून काढायला लागली. बेचाळीस वर्षांत माझी शिलाई कुणी माझ्यासमोर उसवली नव्हती. मी बघत बसलो.

"तुझं मी उसवलं होतं," मी म्हणालो. "तुला विचारलं नाही. चुकलं माझं."

तिने वर पाहिलं नाही. शेवटचं भोक मोकळं केलं, धाग्याचं टोक चिमटीत धरलं आणि पहिल्यापासून ओवायला लागली. या वेळी पाच भोकं राहिली. मला तिची इतकी माया आली की उठून पाणी प्यायला गेलो.

सुट्टी संपली त्या सकाळी दारात ती कोटात शिरली आणि बटणं लावायला बसली. पहिलं बटण दुसऱ्या काजात. तिथून सगळा कोट एक घर वर चढला. कॉलर कानाशी, खाली एक बटण उपाशी लोंबतंय. आयुष्यभर शिवलेल्यातला सर्वांत चोख कोट, आणि तो असा. मी दोन्ही हात खिशात घातले आणि बालवाडीपर्यंत बाहेर काढले नाहीत. वाटेत माझं जुनं गिऱ्हाईक भेटलं. त्याने बटणकडे पाहिलं, मग माझ्याकडे. विचारलं, हा तुमच्या हातचा?

"कोट माझा," मी म्हणालो. "बटणं तिची."

बालवाडीच्या दारात बाई खाली वाकल्या. त्यांनी कोट पाहिला, हातमोजा पाहिला, एकालाही सरळ केलं नाही. बटणं कोणी लावली, त्यांनी विचारलं. बटणने उत्तर द्यायच्या आधी वळून माझ्या हातांकडे पाहिलं. ते खिशातच होते.

"मी," ती म्हणाली, आणि बाईंनी मोठ्यांच्या खोलीचं दार उघडलं.