तेल पाजलेलं चाक

मी एक जुनं चाक आहे, मित्रांनो. डोंगरात पळणाऱ्या गियरच्या सायकलीचं, मागचं. जवळ बसा, पण वारा तुमच्याकडून माझ्याकडं येईल असे बसा. माझ्या अंगाला आंबलेल्या दुधाचा वास येतो. त्याच्या खाली अजून एक वास आहे, त्याच्यासाठीच तर आज तोंड उघडलंय.

जन्मापासनं मला किळसच माहीत. माझा हब, म्हणजे मधला तुंबा, ओझरला एका लॉजच्या मागं टाकून दिलेल्या सायकलीतला. त्याच्यात जुनं ग्रीस होतं, काळं, घट्ट, मेलेल्या मुंग्यांसकट. माझं रिम कळंबच्या दुकानात धूळ खात पडलेलं, कारण ते राखाडी होतं आणि गिऱ्हाइकाला लाल-निळं पाहिजे होतं. हायवेवरच्या ट्रकांचा धूर येऊन येऊन त्याच्यावर थर बसलेला. अशा दोन घाणींची गाठ पडली आणि मी झालो.

दुकान यशोधराचं. बापाचा पंक्चरचा धंदा होता. ही मोबाइलवर बघून बघून चाकं बांधायला शिकली. हात चांगला, जीभ तिखट.

एक दिवस मंगल वहिनी आल्या. घोडेगावच्या पश्चिमेला, वर डोंगरातली वाडी त्यांची. एसटीनं आल्या होत्या, हातात पोतं. पोत्यात मोडलेलं निळं चाक.

"ताई, याचं काय करता येईल?"

यशोधरानं पोतं उघडलं आणि नाक मुरडलं. "भंगार करता येईल, वहिनी. काय दगडं वाहत व्हता काय?"

"दूध. मागं मोठं कॅन बांधते."

"अन् हे असलं चाक? तारा मोजक्या, रिम पापडासारखं. हे रस्त्यावर मिरवायचं असतं. निवडलं कुणी?"

"आमच्या पुतण्यानी, ऋतिकनी. म्हनला, लई भारी दिसतंय."

"दिसतंय खरं."

वहिनी हसल्या नाहीत. वाडीतल्या चार घरांचं दूध त्या रोज सकाळी खालच्या गावातल्या केंद्रावर न्यायच्या. गाडीरस्ता डोंगराला वळसा घालून जातो, वहिनींची पाऊलवाट सरळ उतारानं. निळं चाक त्या वाटेवरच दुमडलं आणि सगळं दूध मातीत गेलं. तेव्हा चार घरांत वडीलधारी असलेली चिमाबाई म्हणाली होती, अजून एकदा दूध पोचलं नाय, तर ऋतिकच्या मोटरसायकलवर द्यायचं. वहिनींना ते नको होतं. सकाळच्या त्या उतारावर त्यांना घरातलं कुणी हाक मारत नसे. दिवसभरात तेवढाच वेळ त्यांचा होता.

"हलकं पाहिजे का टिकणारं?" यशोधरानं विचारलं.

"पोचणारं."

मग तिनं मला बांधलं. हब रॉकेलमध्ये बुडवला, मुंग्या वर आल्या, त्यावर मी बोलत नाय. रिम ते पडून राहिलेलं राखाडी, दुहेरी भिंतीचं घेतलं. तारा जाड आणि भरपूर, एकमेकींवरनं आडव्या नेलेल्या, म्हणजे धक्का एकीवर न येता सगळ्यांत वाटला जातो. मग दोन दोन तारा मुठीत धरून तिनं अशा दाबल्या की माझी हाडं कटकट वाजली. पुन्हा आऊट काढला, म्हणजे माझं डुलणं सरळ केलं, पुन्हा दाबल्या. घामेजलेले हात होते. मला ते आवडलं नाय, पण त्या दाबण्यामुळंच मी आज सरळ आहे. तारा बसायच्या तेवढ्या दुकानातच बसल्या, वाटेवर ढिल्या पडल्या नाहीत.

वाडीत मला बघून ऋतिक म्हणाला, "काकी, हे काय म्हशीच्या रंगाचं आनलंय?"

"दूध पन म्हशीचंच हाय," वहिनी म्हणाल्या.

कामाचे दिवस सुरू झाले. दगड, खाचा, ओल्या मुळ्या, भरलेलं कॅन. त्याचं मला काय नव्हतं, त्यासाठीच मला बांधलं होतं. तिटकारा यायचा तो दुसऱ्या गोष्टींचा. शनिवार-रविवारी धबधबे बघायला गाड्या भरून माणसं यायची आणि सोमवारची वाट मला चाटावी लागायची. बिर्याणीच्या पत्रावळ्या, गुटख्याच्या पिचकाऱ्या, वेफरची तेलकट पाकिटं. एकदा माझ्या तारांत लहान पोराचं डायपर गुंतलं. भरलेलं. वहिनींनी काठीनं ते काढलं आणि त्या पोराच्या आईबापाला अशा शिव्या घातल्या की मला जरा बरं वाटलं.

घरी आलो की गोठ्यात. वर आडव्या बांबूवर कोंबड्या बसायच्या. पुढचं तुम्हीच समजा.

पण या सगळ्याच्या वरचढ होता वहिनींचा सासरा, भिका. वाईट माणूस नव्हता, तीच तर पंचाईत. तरुणपणी तो पेठला एका बागायतदाराच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता. तिथनं एक समजूत घेऊन आला होता, लोखंडाला तेल पाजलं की ते जन्मभर टिकतं. तेल म्हणजे इंजिनातनं काढलेलं जळकं ऑइल. त्याचा एक डबा अजून गोठ्यात होता. आधी तो चेनलाच लावायचा. चेनवरनं ते माझ्या दातऱ्यांवर यायचं, त्यावर धूळ, शेण, कोंबड्यांची पिसं. माझ्या अंगावर एक काळा लाडू तयार झाला होता.

एका संध्याकाळी त्याला माझ्या एका तारेवर गंजाचा ठिपका दिसला. वहिनी आत भाकरी थापत होत्या. भिकानं रंगाचा जुना ब्रश घेतला, डब्यात बुडवला आणि मला पाजायला सुरुवात केली. तारा, हब, रिम. गार, चिकट, जळक्या वासाचं ते तेल माझ्या अंगावरनं ओघळत होतं आणि म्हातारा गाणं गुणगुणत होता. रिमच्या कडेला त्यानं दोनदा हात मारला. मित्रांनो, तिथंच ब्रेकचे रबर मला धरतात. मला पोट असतं तर मी ओकलो असतो.

सकाळी अंधूक उजेडात वहिनींनी कॅन बांधलं आणि निघाल्या. पहिल्या उतारावर त्यांनी ब्रेक दाबला. रबर माझ्यावरनं साबणासारखे सटकले. पुन्हा दाबला. काही नाय. पुढचा ब्रेक एकटा, मागं दुधाचं वजन, पुढं वळण आणि वळणाखाली दरी. वहिनींनी दोन्ही पाय जमिनीला घासले, एक चप्पल गेली. मग त्यांनी हँडल डोंगराच्या अंगाला वळवलं. आम्ही करवंदीच्या जाळीत शिरलो आणि मी एका दगडावर आदळलो, कॅनच्या पुऱ्या वजनानिशी. सगळ्या तारा एकदम वाजल्या. एकही तुटली नाय.

वहिनींचे हात काट्यांनी सोलले होते. त्यांनी कॅन चाचपलं, माझ्या कडेला बोट लावलं, बोट बघितलं आणि तिथंच थोडा वेळ बसून राहिल्या. मग मला ढकलत खाली नेलं.

केंद्रावर दूध मोजून घेणाऱ्या सयाजीनं झाकण काढलं आणि मान मागं घेतली. "वहिनी, वास मारतोय."

"दुधाचाच मारतोय."

"दुधाला गॅरेजचा वास कवापासनं यायला लागला? बघा की, झाकनावर, कॅनवर, सगळीकडं शिंतोडे. कसं घेऊ मी?"

दूध परत आलं. वर चढताना कॅन हिंदकळलं आणि थोडं माझ्यावर सांडलं. तेलावर दूध, दुधावर माश्या. त्या दिवसाचा वास अजून माझ्या हबात आहे.

संध्याकाळी चार घरं अंगणात जमली. चिमाबाई म्हणाली, "बोलनं झालं व्हतं, मंगल. उद्यापासनं ऋतिक."

"मी तवाच म्हनलं व्हतं," ऋतिक म्हणाला. "त्या चाकाचं तोंडच तसलं हाय."

"चाकानीच वाचवलं," वहिनी म्हणाल्या. "ब्रेक लागला नाय."

भिका उखडला. "लागला नाय म्हंजे? कालच सांच्याला सगळ्या चाकाला तेल पाजलंय मी. कडंला तर दोनदा."

चिमाबाईनं डोळे बारीक केले. "कडंला? ब्रेक धरतो तिथं?"

म्हाताऱ्यानं आपल्या हातांकडं बघितलं. मग सुनेच्या हातांकडं.

मला वाटलं, आता वहिनी त्याला सोलून काढणार. माझी इच्छा तीच होती. पण त्या एवढंच म्हणाल्या, "मामा, उद्या तुमी बसा सायकलीवर. मी तेल लावते."

चिमाबाईला हसू आवरेना. भिकाला मात्र ते फार लागलं.

टेकाडावर रेंज येते. तिथं जाऊन वहिनींनी यशोधराला फोन लावला, भिका मागोमाग. यशोधरानं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "बाबांना द्या."

"बोला, म्याडम."

"बाबा, सुनंवर राग हाय का तुमचा?"

"नाय वो. लेकीसारखी हाय."

"मग कडंला तेल कशापायी? तेल चेनला, तेबी चांगलं, वरचं पुसून. आता चुलीतली राख घ्या अन् कडा घासा. ब्रेकचे रबर काढून खरबरीत दगडावर घासा, काळं निघंस्तोवर. जमंल?"

"जमंल की."

"अन् जळक्या ऑइलचा डबा?"

"त्यो लई दिसांचा हाय," भिका हळूच म्हणाला.

"तेच म्हनते मी."

चिमाबाईनं उद्याचा एक दिवस दिला. म्हाताऱ्यानं राख आणली आणि मला घासायला बसला. राख, तेल, आंबलेलं दूध यांचा काळा चिखल माझ्यावरनं गळत होता. किळसवाणा होता, पण पहिल्यांदाच घाण माझ्यावरनं खाली चालली होती. त्यानं कॅन घासलं, रबर दगडावर घासले, कोरड्या फडक्यानं कडा पुसल्या. एकदाही गुणगुणला नाय.

सकाळी वहिनी निघाल्या तेव्हा त्यानं हँडल धरलं. "थांब." पहिला उतार तो स्वतः सायकल धरून चालत उतरला, पावलोपावली ब्रेक दाबत. रबरांनी मला करकचून धरलं. वळणावर त्यानं सायकल सुनेच्या हातात दिली आणि मागं वळून न बघता वर गेला. खाली सयाजीनं झाकण काढलं, नाक लावलं, अजून एकदा लावलं आणि दूध ओतून घेतलं.

दूध अजून वहिनीच नेतात. भिका रोज कडा पुसतो, एकेक तार छेडून ऐकतो आणि तेलाची बाटली हातात घेतली की आधी विचारतो, "मंगल, हितं लावू का?" बहुतेक वेळा उत्तर "नको" असतं.

तर मित्रांनो, चाक घेताना रंग बघू नका. तारा बघा, रिम दाबून बघा, ओझं काय वाहायचं ते दुकानात खरं सांगा. आणि ज्याची काळजी घ्यायची त्याला आधी विचारा, मग हात लावा. अंगावर ओतलेल्या मायेनं माणूस दरीपर्यंत जातो, हे मी बघितलंय.

आता उठा. तुमच्यातल्या कुणीतरी वेफर खाऊन माझ्या टायरला हात पुसलेत. कळतं मला.