बिरड्याच्या भांड्याची गोधडी

मी गोधडी बोलतेय. अंगावर घ्यायची नव्हे, भांड्यावर गुंडाळायची. माझ्यात कोणी कधी झोपलं नाही, पण बिरडं मात्र दुपारभर मुरलं. ऐकायला वेळ आहे ना? आमच्या घरात तो कोणालाच नसतो, म्हणून आधी विचारून घेते.

माझा जन्म उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या एका खोलीत झाला. कौसाबाई जीन्सच्या कारखान्यातून पँटींचे गठ्ठे घरी आणायची आणि त्यांचे लोंबते धागे कापून द्यायची. कारखान्यातल्या चिंध्या कोणी नेल्या तर शेठ काही म्हणत नसे. त्याच चिंध्या जोडून तिने मला शिवलं आणि पोटात माहेरची जुनी घोंगडी भरली. एका पँटीचा अख्खा खिसा मिळाला होता, तोही हौसेने पुढे लावला.

तिचा नवरा महिपती अंबरनाथला कारखान्यात होता. शिफ्ट संपवून तो कधीही यायचा. "दमून आलेल्या माणसाला गार वाढलं तर तो जेवतो, पण घरी आल्यासारखं नाही वाटत त्याला," असं कौसाबाई म्हणायची. त्यासाठीच मी जन्माला आले. भात आणि आमटी गरम राखायची, एवढंच माझं काम, आणि त्यात मी कधी कसूर केली नाही.

महिपती गेला. मुलगा कैलास लग्नानंतर बदलापूरला सातव्या मजल्यावर राहायला गेला. मग माझ्या वाट्याला वर्षाचा एकच खरा दिवस उरला, तो म्हणजे गुढीपाडवा.

पाडव्याला कौसाबाई वालाचं बिरडं करते. आधी वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग एकेक सोलत बसायचं. वर ओलं खोबरं, आमसूल, गुळाचा खडा. कैलास लहानपणी म्हणायचा, "आई, याच्यापुढे मटण झक मारतं!" त्या एका वाक्यावर बाई अजून वाल सोलतेय. माझ्या खिशात ती नातीसाठी, तेजस्वीसाठी, साखरेची गाठी ठेवायची. वर्षाचा पहिला घास मुलाने आपल्या हातचा खावा, एवढं एकच तिचं मागणं.

सुरुवातीला कैलास, सून माधवी आणि तेजस्वी, तिघंही दुपारी यायचे. मग चारला यायला लागले. मग नुसता फोन. मी दिवे लागेपर्यंत भांडं गरम धरून बसायची आणि कौसाबाई उपाशी. शेजारची करिष्माभाभी दारातून ओरडायची, "कौसाबाई, अब तो खा लो! कैलास आएगा तो मैं गरम कर दूँगी ना."

"गोधडी आहे ना भाभी," ही म्हणायची. "आत्ता येतील."

कसले येतात!

यंदा मात्र कैलासने स्वतःहून फोन केला. "आई, उद्या नक्की येतो. तुझी ती भांड्याची गोधडी आहे ना गं अजून?" कौसाबाईचा चेहरा असा फुलला की काय सांगू! भाभीला म्हणाली, "बघा, गोधडीची आठवण काढली पोराने. म्हणजे बिरड्याची काढली." मीसुद्धा खुळी, मलाही तसंच वाटलं.

सकाळी गुढी उभी राहिली. बाराच्या आत बिरडं आणि भात तयार. तिने चार ताटं मांडली, माझ्या खिशात गाठी सरकवली. आणि खरंच कैलास आला. एकटाच.

"माधवी न् तेजू कुठंयत?"

"सोसायटीत प्रोग्राम आहे आई. नववर्षाची हँडमेड वस्तूंची कॉम्पिटिशन. माधवीने नाव दिलंय, पण बनवायला टाइमच नाही मिळाला. म्हटलं, तुझी गोधडी नेऊ."

"ने की. आधी बस, दोन घास खा."

"खाली बाइक चालू ठेवून आलोय गं. नंतर येतो ना."

आणि त्याने स्वतःच्या हाताने मला भांड्यावरून सोडवलं. वाफ त्याच्या तोंडावर आली, तरी त्याने खाली वाकून पाहिलं नाही. कौसाबाई हातात डाव घेऊन उभी होती. तिने उघड्या भांड्यावर ताट झाकलं.

बदलापूरच्या त्या मंडपात मला टेबलावर पसरलं. परीक्षक बाईंनी माझ्यावर हात ठेवला आणि त्या चमकल्या. "अय्या, ही अजून गरम आहे!" माणसांनी टाळ्या वाजवल्या. माधवीने माइक घेतला. "आम्ही रोज वापरतो ना ही! यातलं गरमागरम बिरडं म्हणजे अगदी कम्फर्ट फूड." आयत्या पिठावर रेघोट्या ओढाव्यात त्या अशा! रोज म्हणे. त्या दिवशी त्यांच्या घरी पनीर बाहेरून आलं होतं. मला वाचा असती तर तिथेच सांगितलं असतं की ही ऊब बिरड्याची आहे, आणि ते बिरडं खाणारा माणूस मला काखेत मारून इकडे पळून आलाय.

पहिलं बक्षीस मिळालं. मग मला काचेच्या चौकटीत घालून सोफ्याच्या वर टांगलं. घाईत माझा खिसा कोणी तपासला नाही. थोड्याच दिवसांत भिंतीवर मुंग्यांची रांग लागली. माधवी त्यांच्यावर औषध मारते आणि म्हणते, येतात तरी कुठून? आत गाठी आहे, बाई. पाडव्याचं आमंत्रण मुंग्यांनी तेवढं मनावर घेतलं.

परवा तेजस्वीचा वाढदिवस होता. कौसाबाईला आणून बरोबर माझ्याखाली बसवलं. पुलाव मायक्रोवेव्हमध्ये फिरवून तिच्या पुढ्यात ठेवला. मी वरून बघत होते. तिने मान वर करून एकदा पाहिलं, मग पुन्हा ताटात.

तेजस्वीने विचारलं, "आजी, तू तुझ्यासाठी दुसरी नाही शिवली?"

"कशाला गं? एकटीचा भात. शिजला की गॅसपाशी उभ्यानेच खाते. आता गरम ठेवायचं कोणासाठी?"

कैलास मोबाइल बघत होता. त्याने ऐकलं असावं, कारण त्याचा अंगठा थांबला. मग पुन्हा चालू झाला.

मला खाली काढा, असं मी म्हणणार नाही. माझं भांडंच आता रिकामं आहे. पण तुमच्याही घरी कोणीतरी असंच काहीतरी गुंडाळून, दाराकडे कान लावून बसलं असेल. आम्ही गोधड्या फार तर दिवे लागेपर्यंत तग धरतो. त्यापुढे आमचा इलाज चालत नाही. माझं ऐकत काय बसलात? निघा.