इओसेफाच्या पायाची धास्ती

मित्रांनो, मी एक जुनी चटई आहे. पण माझ्यावर कुणी बसत नाही. भर महासागरातल्या तुतुइला बेटावरच्या लेओने गावात फेतूच्या आईने केवड्याची पाती दोऱ्याइतकी बारीक चिरून मला तीन वर्षे विणले. काठाला लाल पिसे लावली. मोठ्या माणसाला मान द्यायचा, तर आमच्याकडे अशीच चटई देतात. फेतूच्या लग्नात सगळ्यांनी माझे कौतुक केले. मग मी गादीखाली गेले, ती तिथेच राहिले.

फेतूचा नवरा इओसेफा लढाईहून धडधाकट परतला होता. पुढे पाठ दुखू लागली, म्हणून होनोलुलूला माजी सैनिकांच्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली आणि डावा पाय बधिर झाला. भरपाईचा अर्ज केला, तो फेटाळला. तपासणीच्या प्रत्येक कागदावर एकच ओळ होती: 'रुग्णाची तक्रार नाही.' डॉक्टर विचारत, "कसं आहे?" हा म्हणे, "छान! आभारी आहे." बरे करणाऱ्याच्या तोंडावर गाऱ्हाणे सांगणे म्हणजे आमच्यात उद्धटपणा.

त्या निकालाविरुद्ध केलेल्या अपिलाच्या शेवटच्या सुनावणीला निघताना इओसेफाने मला काखोटीला मारले.

"अहो, चटई कशाला?" फेतू दचकली.

"रिकाम्या हाताने जाऊ होय?"

"लाच म्हणतील! अर्जही जाईल, चटईही जाईल."

"गप गं. तुझ्या आईची चटई आहे, मासळीची टोपली नव्हे."

हीच शेवटची संधी होती.

सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाईंनी विचारले, "पाय कसा आहे?"

इओसेफा सवयीने हसला. आता हा 'छान' म्हणणार! मी घाबरून गेले.

"सांगा ना हो!" फेतू कळवळली.

"तुम्ही नाही, त्यांनीच बोलायचं," बाई म्हणाल्या.

मग इओसेफाने मला उलगडले आणि स्वतःच्याच डोक्यावरून पांघरले. आमच्यात अपराधी माणूस असा माफी मागतो. माझ्याखाली अंधारात त्याला धाप लागली होती.

"डॉक्टरांची माफी मागतो," तो म्हणाला. "त्यांच्याशी मी खोटं बोललो. पाय पहिल्या दिवसापासून मेलाय. परवा चुलीतला तापलेला दगड पायावर पडला. मला कळलंच नाही. वास आला, तेव्हा खाली बघितलं."

बाईंची लेखणी चालू लागली.

निकाल अजून आलेला नाही. मी पुन्हा गादीखाली आहे, आणि भीती गेलेली नाही. मित्रांनो, तुमच्या घरचे कुणी 'छान आहे' म्हणाले, तर तेवढ्यावर उठून जाऊ नका. जवळ बसा आणि पुन्हा एकदा विचारा.