मधला खांब

फकिरानं करवत काढली तेव्हा सहादू मधल्या खांबाला पाठ लावून बसला होता.

"ऊठ," फकिरा म्हणाला. "नायतर तुझ्यासकट कापीन."

"काप की. तुझी करवत आजवर कधी सरळ चालली?"

सुरगाण्याकडचं हे सागाचं घर या दोघा भावांच्या बापानं ओढ्याकाठच्या जुन्या शेतावरनं सोडवून टेकाडावर आणलेलं. त्यानं एकेक खांब खणून, बुडासकट काढला होता. दोन हजार साली खाली डांबरी सडक झाली आणि फकिराला सडकेला घर हवं झालं. पंचांनी अर्धं घर त्याला दिलं, अर्धं सहादूला. मधला खांब थोरल्याचा, म्हणजे फकिराचा म्हणाले. तो निकाल सहादूच्या घशाखाली उतरला नाही. नव्या नागलीची पहिली कणसं त्याच खांबाला बांधायची. त्याआधी घरात कुणी नवं खायचं नाही.

शेवटी बायकांनी सहादूला ओढून नेलं. खांब खणत बसावं तर तो परत येऊन बसणार. म्हणून फकिरानं जमिनीलगतच करवत चालवली. बूड मातीत राहिलं. खांब जीपच्या टपावर चढला, तेव्हा मागनं सहादू थुंकला.

सडकेला तोच खांब परत दीड हात पुरावा लागला आणि घर तेवढं खाली बसलं. पहिल्याच दिवशी दारात फकिराचं कपाळ फुटलं. इकडं बाजारात सहादूनं सांगत सुटावं, आमचा थोरला खुराड्यात राहतो, अंडी कधी देतो बघू.

नागली आली. फकिरानं कणसं खांबाला बांधली, पण त्याची बायको ठमाबाई चुलीपुढनं हलली नाही.

"खांबाचे पाय तिकडं ठेवून आलात. मी नवं शिजवायची नाय."

ते वर्ष दुकानच्या तांदळावर गेलं, पुढचंही. तिसऱ्या वर्षी फकिरा कणसांची जुडी घेऊन टेकाड चढला.

सहादूनं उरलेल्या लाकडांचं घर जुन्याच जागी उभं केलं होतं. दारातनं आत भोवतीची माती उकरून मोकळं केलेलं बूड दिसत होतं, त्याला कणसं बांधलेली. त्याची बायको चिमणाबाई फकिराला बघून पाणी न देताच आत गेली.

"खांब नेलास ना?" सहादू म्हणाला. "मग तिथं बांध."

फकिरानं जुडी पुढं धरली. सहादूनं ती घेतली नाही. मग तो दारातनं थोडा बाजूला सरकला.

"वाकून ये. मधला खांब नाय, घर बुटकं हाय."

"माझंबी," फकिरा म्हणाला, आणि वाकला.